ग्रास ज्युवेल

लायसेनिडी कुळातील चिमुकले फुलपाखरू. शास्त्रीय नाव फ्रेयेरिया ट्रॉकिलस. पंखविस्तार १५ ते २२ मिमी. असल्याने भारतातील सर्वांत लहान फुलपाखरांत याची गणना होते. आग्नेय यूरोप व आफ्रिकेपासून पश्चिम आशियामार्गे भारतापर्यंत याचा प्रसार आहे. याच्या अगदी जवळची फ्रेयेरिया पुटली ही जाती भारत व श्रीलंकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळते. जुन्या ग्रंथांत या दोन्ही एकच जाती मानल्या आहेत.

ओळख : नर व मादी दोघांचेही पंख वरून तपकिरी असतात. खरी ओळख पटते ती पंख मिटल्यावर. खालची बाजू फिकट राखाडी-तपकिरी असून तिच्यावर पांढऱ्या कडांच्या खुणा असतात. मागच्या पंखाच्या काठाशी काळ्या ठिपक्यांची रांग असते. त्यांत निळसर-हिरवे धातूसारखे चमकणारे खवले आणि वर नारिंगी कड दिसते. याच आकाराच्या ‘टायनी ग्रास ब्लू’ला हे चमकदार ठिपके नसतात व त्याच्या नराचे पंख वरून निळसर असतात. ‘ग्राम ब्लू’ला नारिंगी कडांचे ठिपके असले, तरी ते फुलपाखरू बरेच मोठे असून त्याला बारीक शेपटी असते. ग्रास ज्युवेलला शेपटी नसते.

जीवनचक्र : मादी भुरुंडीच्या किंवा निळीच्या प्रजातीतील बुटक्या रानवनस्पतींवर एकेक अंडे घालते. अंडे चपटे, चकतीसारखे असते. हिरवी, गोगलगायीसारखी बसकी अळी पाने, कळ्या व फुले खाते. तिच्या पाठीवरील ग्रंथीतून गोड द्रव स्रवतो. त्यासाठी मुंग्या तिच्याभोवती जमतात आणि त्यांच्या वावरामुळे शत्रूंपासून तिचे रक्षण होते. पूर्ण वाढलेली अळी खाद्यवनस्पतीवरच रेशमी धाग्याने स्वतःला बांधून कोषात जाते. वर्षभरात अनेक पिढ्या होतात.

अधिवास व संरक्षण : कोरडी, उघडी माळराने हा याचा मुख्य अधिवास असून महाराष्ट्राच्या पठारी भागातही असे माळ विस्तृत आहेत. हे फुलपाखरू जमिनीलगत, थोडे थोडे अंतर उडते. अंडी, अळी व कोष या तिन्ही अवस्था वीतभर उंचीच्या झुडपांवरच पार पडत असल्याने माळाला लावलेल्या वणव्यात त्या जळून जातात. दाट वृक्षलागवडीच्या सावलीत या खाद्यवनस्पती टिकत नाहीत. म्हणून माळरानाला पडीक न समजता ते माळरान म्हणूनच राखणे, हाच या फुलपाखराच्या संरक्षणाचा खरा उपाय आहे.