अल्लाबंद

पृथ्वीस आपण 'अचला' म्हणतो. परंतु १६ जून १८१९ रोजी सायंकाळी कच्छमध्ये झालेल्या भूकंपाने हे नाव खोटे ठरविले. भूगर्भात दीर्घकाळ साठलेला ताण मोकळा होऊन खडकांचे थर सरकले आणि रणाचा सुमारे ८० किलोमीटर लांबीचा पट्टा काही ठिकाणी ६ मीटरपर्यंत उचलला गेला. त्याच्या दक्षिणेकडील जमीन खचली, तीत समुद्राचे पाणी शिरले व सिंद्रीचा किल्ला बुडाला. दीड हजारांहून अधिक माणसे दगावली. सिंधूच्या पूर्वेकडील फाट्यावर माणसांनी घातलेले बांध तेथील लोकांस परिचित होते. या नव्या बांधास त्यांनी 'अल्लाबंद' असे सार्थ नाव दिले. पुढे १८२६ साली सिंधूच्या पुराने तोही फोडला.

भूपृष्ठाची घडण आजही चालू आहे, याचा पुरावा म्हणून भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांनी ही हकीकत आपल्या ग्रंथात नोंदविली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छची भूमी पुन्हा हादरली आणि हजारो माणसे पडत्या घरांखाली गाडली गेली. भूमी उचलणारी आणि घरे पाडणारी शक्ती एकच आहे. तिला थोपविणे मानवाच्या हाती नाही. तिचे भान ठेवून घरे बांधणे मात्र खचित आहे.