पिकअपची उंची कमी करताना : इंच, वजन आणि कायदा

कापूस आणि सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की बुलढाणा जिल्ह्यातील रस्त्यांवर मालवाहू पिकअपची वर्दळ वाढते. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथील बाजार समित्यांकडे शेतमाल नेणारे हे वाहन अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार आहे. या वाहनाच्या उंचीशी खेळण्याची हौसही जुनीच. पूर्वी ती मागे एखादा जादा पाटा टाकून गाडी उंच करण्यापुरती होती. इंटरनेटवर परदेशी गाड्यांची छायाचित्रे दिसू लागल्यापासून उलट दिशेचे, म्हणजे ‘लोअरिंग किट’ बसवून गाडी खाली घेण्याचे आकर्षणही निर्माण झाले.

गाडी खाली आल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावरचा झुकाव कमी होतो आणि पोती चढविण्याउतरविण्याची फळी जमिनीजवळ येते. हे फायदे खरे आहेत. तथापि ते मुख्यतः रिकाम्या गाडीचे फायदे होत. पिकअपची रचना वजन वाहण्यासाठी झालेली असते. त्यामुळे ‘गाडी किती इंच खाली घ्यावी’ या प्रश्नाआधी ‘माल भरल्यावर चाकाला वर-खाली होण्यास किती जागा उरते’ हा प्रश्न येतो. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर धावणाऱ्या वाहनात असा बदल करण्यास कायद्याची मर्यादा आहे. किटची निवड या तिन्ही बाजू तपासूनच करावयाची असते.

किटचे दोन आकडे

पिकअप खाली घेण्याची प्रथा प्रामुख्याने अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, १९७० व १९८०च्या दशकांत लहान जपानी पिकअपच्या शौकिनांमुळे रुजली. तेथील किटची ओळख दोन आकड्यांनी होते. ‘दोन-चार’ याचा अर्थ पुढची बाजू दोन इंच आणि मागची चार इंच खाली. रिकामी पिकअप मागून उंच उभी असते, म्हणून मागचा आकडा मोठा. ही मागची उंची निष्कारण ठेवलेली नसते. माल भरल्यावर गाडी समपातळीत यावी, यासाठी ती राखलेली असते. चार इंच म्हणजे सुमारे १०२ मिलिमीटर. मागची एवढी उंची रिकाम्या गाडीतच संपविली, तर मालासाठी राखलेली जागा शोभेवर खर्च झाली, असा त्याचा अर्थ होतो.

मागची बाजू : पाटे, ब्लॉक आणि शॅकल

मालवाहू पिकअपच्या मागच्या बाजूस सामान्यतः पाट्यांची स्प्रिंग असते. ती यू-बोल्टने अ‍ॅक्सलला आवळलेली असते. किट घेण्यापूर्वी पाटे अ‍ॅक्सलच्या वर आहेत की खाली, हे वाकून पाहणे आवश्यक आहे. पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतील तर दोहोंच्या मध्ये ठोकळा, म्हणजे ब्लॉक, टाकल्याने गाडी खाली येते. पाटे वर असतील तर तोच ब्लॉक गाडीला उंच करतो. केवळ छायाचित्र पाहून ब्लॉक मागविणाऱ्याची फसगत येथे होते.

पाटे वर असलेल्या गाडीत शॅकल किंवा स्प्रिंग टांगण्याचे कंस बदलून उंची कमी करता येते. दुसरा मार्ग ‘फ्लिप किट’चा. त्यात पाटे अ‍ॅक्सलच्या खाली घेतले जातात. अशाने उंची एकदम बरीच घटते व अ‍ॅक्सल चासीच्या फार जवळ येतो. मग अ‍ॅक्सलला जागा देण्यासाठी चासीला खाच पाडून ती बाहेरून मजबूत करावी लागते. मालवाहू वाहनाच्या चासीला हात लावणे म्हणजे त्याच्या कण्याला हात लावणे होय. रोज भाडे मारणाऱ्या गाडीसाठी हा पर्याय विचारातही घेऊ नये.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धोक्याचा मार्ग म्हणजे एक-दोन पाटे काढून टाकणे किंवा आहेत त्या पाट्यांची कमान भट्टीत तापवून उतरविणे. काढलेल्या पाट्याचा भार उरलेल्या पाट्यांवर पडतो. भट्टीत लाल झालेल्या पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि पाटा लवकर बसतो किंवा तुटतो. वरचा मुख्य पाटा अ‍ॅक्सलला जागेवर धरून ठेवत असल्याने तो तुटल्यास अ‍ॅक्सल तिरका होऊन गाडी ताब्यातून जाऊ शकते.

पुढची बाजू

पुढच्या बाजूची रचना गाडीगणिक बदलते. इसुझू डी-मॅक्स किंवा टोयोटा हायलक्स यांसारख्या गाड्यांत पुढे स्वतंत्र सस्पेन्शन व कॉइल स्प्रिंग, तर मागे पाटे असतात. काही मालवाहू वाहनांत पुढेही पाटेच असतात. कॉइलच्या जागी आखूड कॉइल बसविल्यास चाकाचा कल बदलतो, टायर आतल्या कडेने झिजतात आणि टाय रॉडचा कोन बिघडल्याने खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळू पाहते. चाक ज्यावर फिरते तो भागच बदलणारे किट महाग असते, परंतु त्यात सस्पेन्शनची मूळ भूमिती बऱ्याच अंशी टिकते. कॉइल कापून आखूड करणे हा मात्र कोणत्याही परिस्थितीत गैरप्रकारच होय.

उंची बदलली की शॉक अ‍ॅब्सॉर्बरही त्या उंचीचे हवेत. मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बर तसेच ठेवल्यास ते आतून आदळून निकामी होतात. प्रॉपेलर शाफ्टचा कोन तपासला नाही, तर थरथर सुरू होते व क्रॉस लवकर जातात. यांपैकी ज्या भागांचा उल्लेखच नाही, ते किट अपुरे समजावे.

टेप आणि वजनकाटा

किटचा आकडा निवडण्याची खात्रीची पद्धत मोजमापाची आहे. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर मोजावे. मागे अ‍ॅक्सल आणि चासीखालचा रबरी ठोकळा यांतील अंतरही मोजावे. अ‍ॅक्सल चासीवर आदळू नये म्हणून हा ठोकळा असतो. नंतर नोंदणी पुस्तिकेतील मर्यादेइतका माल भरून, वजनकाट्यावर खात्री करून, तीच मापे पुन्हा घ्यावीत.

समजा, रिकाम्या गाडीत अ‍ॅक्सल व ठोकळा यांत पाच इंच अंतर आहे आणि भरल्यावर ते दोन इंच उरते. म्हणजे मालाने तीन इंच खाल्ले. अशा गाडीत स्प्रिंगचा ताठपणा तोच ठेवून मागची बाजू तीन इंच खाली घेतली, तर पूर्ण वजनाआधीच अ‍ॅक्सल ठोकळ्याला टेकेल. तेथून पुढे सस्पेन्शन उरतच नाही. प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट चासीला आणि मालाला बसतो. ताठ स्प्रिंग किंवा हवेच्या पिशव्या लावून हा दोष कमी करता येतो. हवेच्या पिशव्यांमुळे माल असताना उंची वाढविता व नसताना कमी करता येते. परंतु पिशवी, कॉम्प्रेसर व नळ्या यांची देखभाल आली आणि फुटलेली पिशवी रस्त्यात दुरुस्त होत नाही.

ब्रेकचा दुर्लक्षित भाग

अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर वजनानुसार कमी-अधिक करणारा व्हॉल्व्ह असतो. तो चासीवर बसविलेला असून त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते. माल भरल्यावर चासी खाली येते, दांडी सरकते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा जास्त दाब मिळतो. हा व्हॉल्व्ह प्रत्यक्षात वजन मोजत नाही, उंची मोजतो.

त्यामुळे मागून खाली घेतलेली रिकामी गाडी या व्हॉल्व्हला भरलेली वाटते. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच मागची चाके जाम होऊन गाडी फिरण्याचा धोका निर्माण होतो. उलट, जादा पाटा टाकून उंच केलेली गाडी माल भरूनही व्हॉल्व्हला हलकी वाटते आणि मागचा ब्रेक गरजेपेक्षा कमी लागतो. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, तर मलकापूर, नांदुरा, खामगाव खालच्या पूर्णेच्या खोऱ्यात. मलकापूरच्या वाटेवरील राजूर घाट आणि खामगावच्या वाटेवरील बोथा घाट उतरताना हा फरक जीवघेणा ठरू शकतो. उंची कोणत्याही दिशेने बदलली असेल, तर हा व्हॉल्व्ह जाणकाराकडून नव्याने जुळवून घेणे अपरिहार्य आहे. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्यावा लागतो.

जिल्ह्यातील रस्ते

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार सर्वसाधारण वाहतुकीसाठीचा गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असावा. त्यावरून ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने जाता यावे, अशी त्यामागील कल्पना. गावोगावचे अरुंद व उभे गतिरोधक या मापात बसत नाहीत. तेथे गाडीचा दोन चाकांमधील मधला भाग घासतो. अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत डिफरन्शियलची जमिनीपासूनची उंची टायरवर ठरते. किट बसविल्याने ती बदलत नाही, म्हणून ‘डिफरन्शियल तर तेवढ्याच उंचीवर आहे’ असे सांगितले जाते. ते बरोबर असले तरी सायलेन्सर, डिझेलची टाकी आणि चासी ही खाली आलेलीच असतात.

काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यांवर पावसाळ्यात चाकोऱ्या खोल जातात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. समृद्धी महामार्गाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खाली घेतलेली गाडी कितीही स्थिर वाटली, तरी मालाचा प्रवास शेताच्या बांधावरून सुरू होतो, हे विसरून चालत नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा व न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने या तरतुदीचा कठोर अर्थ मान्य केला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जादा पाटा टाकून जादा माल भरणाऱ्यांसाठी कलम १९४ आहे. त्यात वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी दोन हजार रुपये दंड सांगितला आहे.

मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्राची परीक्षाही द्यावी लागते. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी. विमा कंपनीला न कळविलेला बदल अपघातानंतर उघड झाल्यास भरपाईवरून वाद होऊ शकतो. कर्जाचे हप्ते चालू असलेल्या मालकाला एवढा एक वाद पुरेसा असतो.

निवड कशी करावी

पिकअप मालवाहतुकीसाठी असेल, तर लोअरिंग किट न घेणे हीच योग्य निवड ठरते. फळी जमिनीजवळ हवी असेल, तर खरेदीच्या वेळीच कमी उंचीच्या हौद्याचे वाहन पाहावे. वळणावर झुकाव जाणवत असेल, तर आधी थकलेले पाटे, बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि टायरमधील हवा तपासावी. कित्येकदा दोष तेथेच सापडतो. गाडी मागून बसत असेल, तर जादा पाट्याऐवजी मूळ मापाचा नवा संच टाकावा आणि माल पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलवर नीट वाटून भरावा.

गाडी केवळ प्रदर्शनासाठी किंवा खासगी आवारात वापरण्यासाठी असेल, तरच किटचा विचार करावा. त्या वेळीही माफक आकडा घ्यावा. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, रबरी ठोकळे व यू-बोल्ट त्या मापाचे असलेला पूर्ण संचच निवडावा, चासी कापावी लागणारा पर्याय टाळावा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. रस्त्यावर आणण्यापूर्वी गाडी मूळ स्थितीत आणणे बंधनकारक समजावे. बसविण्यापूर्वी मिस्त्रीला एकच प्रश्न विचारावा : भरलेल्या गाडीत अ‍ॅक्सल आणि ठोकळा यांत किती इंच उरतील? त्याचे उत्तर टेप लावून मिळाले, तर पुढे जावे. ते अंदाजाने मिळाले, तर गाडी आहे त्या उंचीवर ठेवणेच शहाणपणाचे.