उलट्या, गोड गोळ्या आणि सलाइन

दसरा-दिवाळी झाली की शिरूर कासार तालुक्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. त्यातली बाई दोन महिन्यांची गरोदर असली, तरी कोयता अर्धा होत नाही. काम बुडाले की 'खाडा' लागतो. उलट्यांना मात्र कोणी आजार म्हणत नाही. 'डोहाळे लागलेत', एवढ्यावर भागते.

बहुतेकींच्या बाबतीत ते खरेही असते. मळमळ साधारण 6 व्या आठवड्यात सुरू होते, 9 व्याच्या आसपास सर्वांत वाढते आणि 16 ते 20 आठवड्यांत बहुधा आपोआप थांबते. हे वेळापत्रक लक्षात ठेवावे, पुढे ते लागणार आहे. थोड्या जणींच्या पोटात मात्र पाण्याचा घोटही टिकत नाही. वजन विसाव्या हिश्शाहून अधिक घटते, लघवीत कीटोन दिसू लागतात, म्हणजे शरीर साठवलेली चरबी जाळून दिवस काढत असते. 'जेन एअर'ची लेखिका शार्लट ब्राँटे 1855 च्या मार्चमध्ये वारली. दाखल्यावर क्षय लिहिला होता. पण ती याच उलट्यांनी गेली असावी, असे तिची पत्रे वाचून अनेकांना वाटते.

त्या काळी युरोपात होमिओपॅथीचा बराच बोलबाला होता. जर्मन डॉक्टर हानेमान याने 1790 मध्ये सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली, त्याला तापासारखी लक्षणे जाणवली आणि त्यावरून 'समाने समाचे शमन' हे तत्त्व त्याने 1796 मध्ये मांडले. ब्राझीलकडच्या इपिकॅक या मुळीने उलटी होते, म्हणून उलटीवर इपिकॅक! सोबत काजरा आणि माकूल या समुद्री प्राण्याची शाई. औषध दर पायरीला शंभरपट पातळ करायचे. हिशेब वर्गात करून पाहावा. 12 व्या पायरीला पातळपणा 10 चा 24 वा घात होतो आणि एका मोलमध्ये रेणू असतात सुमारे 6 गुणिले 10 चा 23 वा घात. मग 30 व्या पायरीच्या गोळीत साखरेखेरीज काय उरणार? अर्थात रक्त काढणाऱ्या आणि जुलाब देणाऱ्या तेव्हाच्या वैद्यांपेक्षा काहीच न देणारा हानेमान रोग्याला परवडत असणार, हेही कबूल केले पाहिजे.

आपल्याकडे या पद्धतीला मान्यता कायद्याने मिळाली. 1956 मध्ये बीड जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि 1959 मध्ये होमिओपॅथी व्यावसायिकांचा कायदा झाला. पाठोपाठ थॅलिडोमाइडचे प्रकरण घडले. गरोदरपणातल्या मळमळीवरही दिले जाणारे हे औषध 1961 च्या अखेरीस पश्चिम जर्मनीत मागे घेतले गेले, तोवर हजारो मुले व्यंग घेऊन जन्मली होती. गरोदर बाईला औषध द्यायची धास्ती बसली ती रास्तच होती. जिच्यात काही नाही ती गोळी मग निर्धोक वाटणारच. शिवाय 10 व्या आठवड्यात गोळी सुरू केली आणि 15 व्यात उलट्या थांबल्या, की श्रेय गोळीला. वर सांगितलेले वेळापत्रक कोण आठवतो? होमिओपॅथीवरचे अभ्यास तपासून ऑस्ट्रेलियाच्या वैद्यक संशोधन परिषदेने 2015 मध्ये सांगितले, की एकाही आजारावर ती गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

ब्रिटनमध्ये या उलट्यांनी होणारे मृत्यू 1931 ते 1940 या काळात दर दहा लाख जन्मांमागे 159 होते, 1951 ते 1960 मध्ये ते 3 वर आले. ही घट घडवली ती प्रामुख्याने शिरेतून दिलेल्या सलाइनने. थॉमस लाटा या स्कॉटिश डॉक्टरने 1832 मध्ये पटकीच्या रोग्यांना मीठपाणी शिरेतून दिले होते. ते सर्रास वापरात यायला शंभर वर्षे गेली. उलट्यांमागचे कारण तर 2023 मध्ये बरेचसे उलगडले. गर्भाकडून जीडीएफ-15 नावाचे प्रथिन आईच्या रक्तात येते आणि आधीपासून ज्यांच्या रक्तात ते कमी असते त्यांना ते जास्त बाधते. म्हणजे 'मनाचे खेळ' म्हणून बाईलाच दोष देणारे चुकले होते.

फडावरच्या बाईच्या पोटात दिवसभर पाणी टिकले नाही, लघवी थोडी आणि गडद झाली, उठताना भोवळ आली, तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवे. तिथे सलाइनबरोबर थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वही द्यावे लागते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते.