तळटीप : ‘महरूसा’

‘खेदिवाची आगबोट’ : लेखकाने नाव दिलेले नाही, तरी वर्णनावरून ही ‘महरूसा’च. इजिप्तच्या इस्माईल पाशाने ती लंडनच्या सामुदा ब्रदर्सकडून बांधून घेतली. 1865 मध्ये ती पाण्यात उतरली. (खेदिव ही पदवी त्याला 1867 मध्ये मिळाली.) ‘महरूसा’ म्हणजे सुरक्षित, राखलेली; कैरोलाही हे विशेषण लावतात. आरंभी ती दोन्ही बाजूंच्या मोठ्या चाकांवर चाले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ग्लासगोत चाके काढून वाफेची टर्बाइने व पंखे बसवले. नोव्हेंबर 1869 मधील सुएझ कालव्याच्या उद्घाटनाला ती हजर होती, पण मिरवणुकीच्या अग्रभागी होती फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिची ‘लेग्ल’. हा तपशील अनेकदा चुकीचा छापला जातो.

या बोटीची खरी कहाणी मात्र निरोपांची आहे. कर्जात बुडालेल्या इस्माईलला 1879 मध्ये पदच्युत केले, तेव्हा अलेक्झांड्रियाहून हीच त्याला नेपल्सला घेऊन गेली. 73 वर्षांनी, 26 जुलै 1952 रोजी, त्याचा नातू राजा फारूक लष्करी उठावानंतर याच बंदरातून, याच बोटीने, नेपल्सलाच गेला. 21 तोफांची सलामी झाली; उठावाचा नेता जनरल नगीब उशिरा पोचल्याने त्याला होडीने बोटीवर जाऊन निरोप द्यावा लागला. प्रजासत्ताकात तिचे नाव ‘अल् हुर्रिया’, म्हणजे स्वातंत्र्य, असे झाले. 2000 मध्ये जुने नाव परत आले. 2015 मध्ये नव्या सुएझ कालव्याच्या उद्घाटनालाही तीच होती.