नळदुर्ग-सोलापूर : सीमेवरचा किल्ला एका दिवसात

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातलं नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. सोलापूरहून अंतर सुमारे ४५ किलोमीटर. सकाळी लवकर निघालं, तर दुपारपर्यंत किल्ला आणि संध्याकाळी सोलापूर आरामात होतं.

दोनदा सीमेवर

नळदुर्ग आणि सोलापूर हे दोन्ही किल्ले विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या सीमेवरचे. त्यांच्यासाठी या सत्तांनी वारंवार लढाया केल्या. पुढे इथली सीमा बदलली : सोलापूर इंग्रजांकडे, नळदुर्ग हैदराबादच्या निजामाकडे. १८५३ ला इंग्रजांनी हा मुलूख घेतला, तेव्हा अधिकारी व लेखक मेडोज टेलर किल्ल्यात राहायला होता. १८६० ला मुलूख परत निजामाकडे गेला.

याचे परिणाम लोकांनी भोगले. १५ ऑगस्ट १९४७ ला सोलापुरात तिरंगा फडकला. ४५ किलोमीटरवरच्या नळदुर्गला मात्र अजून १३ महिने थांबावं लागलं. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला.

किल्ल्यात काय पाहाल?

बोरी नदीवर बांध घालून तिचं पाणी किल्ल्याच्या संरक्षणासाठी वापरलं आहे. हाच बांध किल्ल्याला पलीकडच्या रणमंडळाशी जोडतो. दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बांधाच्या पोटात पाणी महाल बांधला गेला. पूर आला की बांधावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात; आत बसणाऱ्याच्या अंगावर मात्र पाणी येत नाही.

धबधबा बघायचाय, तर आधी बोरी धरण भरलंय का ते विचारा. धरण ओसंडल्याशिवाय धबधबा सुरू होत नाही, आणि लांबून आलेली मंडळी नुसती भिंत बघून परततात. पाणी जोरात असेल तर बांधाच्या कडेला जाऊ नका. दगड निसरडे असतात.

उंच उपळ्या बुरूज, त्यावरच्या तोफा आणि पाकळ्यांसारखा नवबुरूज चुकवू नका. जवळच मैलारपूरचा खंडोबा आहे. देवाची एकच मूर्ती वर्षातला मोठा काळ अणदूरला आणि उरलेला इथे असते. पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते, त्या दिवशी रस्त्यावर गर्दी धरून चाला.

संध्याकाळी सोलापूर

भुईकोट किल्ला आणि तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर शेजारीशेजारीच आहेत. चांदबिबीच्या लग्नात हा किल्ला आदिलशाहीला आंदण मिळाला होता. इथून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांकडे जावं. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली.

परतताना चादर आणि शेंगाचटणी घ्यायला विसरू नका. सोबत कडक भाकरी असली, की घरी गेल्यावर रात्रीच्या जेवणाची चिंता नाही.