ग्रीनलंडचा ध्वज

ग्रीनलंडचा ध्वज : डेन्मार्कच्या राज्यातील ग्रीनलंड या स्वायत्त प्रदेशाचा अधिकृत ध्वज. ग्रीनलंडिक भाषेत त्यास ‘एर्फालासोर्पुत’ (आपला ध्वज) म्हणतात. २१ जून १९८५ रोजी तो अधिकृत झाला.

रचना : ध्वजाची लांबी व रुंदी ३ : २ या प्रमाणात असून वरचा अर्धा भाग पांढरा व खालचा लाल आहे. दोहोंच्या सीमेवर, काठीच्या बाजूस थोडे सरकलेले वर्तुळ असून त्यात रंगांचा क्रम उलटा, म्हणजे वर लाल व खाली पांढरा आहे. लांबी १८ भाग मानल्यास वर्तुळाचा व्यास ८ भाग भरतो. वरील पांढरा पट्टा भूभागाचा सु. ८०% भाग व्यापणारा हिमस्तर, तर खालचा लाल पट्टा समुद्र सुचवतो. वर्तुळातील लाल अर्ध क्षितिजावरील सूर्याचे, पांढरे अर्ध हिमनगांचे प्रतीक आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी : १९५३ मध्ये ग्रीनलंडचे वसाहतीचे स्थान संपून तो डेन्मार्कचा घटक बनला, मात्र ध्वज डॅनिशच राहिला. स्वतंत्र ध्वजाची मागणी १९७० नंतर जोर धरू लागली. १९७८ चा गृहशासन (अंतर्गत स्वायत्तता) कायदा जानेवारी १९७९ च्या सार्वमताने मान्य होऊन १ मे १९७९ पासून अमलात आला, तेव्हा या मागणीस कायदेशीर आधार लाभला. गृहशासनाने ध्वजाच्या आराखड्यांसाठी जाहीर आवाहन करताच ५५५ आराखडे आले. तरीही निवड समितीत एकमत झाले नाही. अखेरची निवड शिक्षक, चित्रकार व राजकारणी टूए क्रिस्टियनसेन यांचा आराखडा आणि हिरव्या-पांढऱ्या नॉर्डिक क्रुसाचा आराखडा यांत झाली. क्रिस्टियनसेन यांचा आराखडा १४ विरुद्ध ११ मतांनी स्वीकारला गेला.

महत्त्व : नॉर्डिक देश व त्यांचे स्वायत्त प्रदेश यांच्या ध्वजांत क्रूस नसलेला हा एकमेव ध्वज होय. रंग मात्र डॅनिश ध्वजाचेच आहेत. राज्याशी असलेले नाते न तोडता, शेजाऱ्यांचे चिन्ह उसने न घेता ग्रीनलंडने स्वतःच्या बर्फाला, समुद्राला व सूर्याला ध्वजावर स्थान दिले, हे या रचनेचे खरे मोल आहे. २१ जून २००९ रोजी अमलात आलेल्या स्वशासन कायद्याने ग्रीनलंडवासीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला. त्या अधिक व्यापक अधिकारांच्या काळातही १९८५ चाच ध्वज कायम राहिला. २१ जून हा ग्रीनलंडचा राष्ट्रीय दिन असून त्या दिवशी ध्वजारोहण होते.