मैत्रीच्या बागेंतील शेत

12 एप्रिल 2016 रोजीं मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोंचली. तिच्या 10 वाघिणींत सुमारें 5 लक्ष लिटर पाणी होतें. दोन शहरांमध्यें असें नातें जुळल्यावर त्याची खूण कोणती ठेवावी? शिलालेख ठेवतां येईल, कमान उभारतां येईल. पुण्यानें एका परदेशी शहराशीं जडलेल्या स्नेहाप्रीत्यर्थ बाग लाविली. सिंहगड रस्त्यावरील सुमारें 10 एकरांचें हें पुणें-ओकायामा मैत्री उद्यान जपानांतील ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर घडविलें असून त्यास पु. ल. देशपांडे यांचें नांव दिलेलें आहे. तेथील पाणी, पूल आणि हिरवळ पाहून मन प्रसन्न होतें. परंतु मूळ बागेचें मर्म हिरवळींत नाहीं.

कोराकुएनचें काम 1687 मध्यें सुरू झालें. ओकायामाचा अधिपति इकेदा त्सुनामासा यानें तें 1700 मध्यें पुरें केलें. अधिपतीच्या विश्रांतीची जागा म्हटली कीं फुलांचे ताटवे डोळ्यांपुढें येतात. येथें मात्र भाताचीं खाचरें आहेत, चहाचा मळा आहे, फळझाडांची राई आहे. एका शेताचे तर नऊ चौकोन पाडलेले आहेत. प्राचीन चीनमध्यें आठ कुटुंबांनीं आपापला चौकोन कसावयाचा व मधला नववा सर्वांनीं मिळून राजासाठीं पिकवावयाचा, अशी पद्धत सांगतात. तिचीच ही आकृति. विसांव्याच्या जागींहि आपलें अन्न कोठून येतें तें नजरेसमोर राहावें, ही योजना मोठी मार्मिक खरी!

1884 मध्यें बाग लोकांस खुली झाली. 1934 चा पूर आणि 1945 ची बाँबवृष्टि यांनीं तिची दुर्दशा केली. जुनीं चित्रें व आराखडे शिल्लक होते म्हणूनच ती पूर्ववत् उभी राहिली. अद्यापहि जूनमध्यें तेथें भाताची लावणी होते.

मराठवाड्यास ही कल्पना परकी नाहीं. आमराई म्हणजे दुसरें काय? नांदेड जिल्ह्यांत अर्धापूरची केळी प्रसिद्ध आहे, पण तिला पाणी फार. लातुरास तिचे लाड परवडावयाचे नाहींत. लातूर जिल्ह्यांतील पानचिंचोलीच्या चिंचेस 2024 मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. चिंच एकदां रुजली कीं थोड्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या फळते. लातुरानें मिरजेच्या नांवें कधीं बाग लाविलीच, तर वर चिंच, मध्यें सीताफळ आणि खालीं कोथिंबीर, एवढ्यावरहि ती उत्तम साधेल. पहिल्या चिंचा उतरल्या कीं त्यांतलें एक पोतें मिरजेस धाडावें.